बाबांची कायनेटिक होंडा इलेक्ट्रिक करायची आहे, कुठून सुरुवात करू?

जुनी_कायनेटिक
शनिवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबांनी १९९६ साली घेतलेली कायनेटिक होंडा स्कूटर आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात झाकून ठेवलीय. मी शाळेत याच गाडीवर पुढे उभा राहून जायचो, आईची मंडईची पिशवी याच गाडीच्या हुकाला असायची. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. इंजिन जाम आहे, कार्बोरेटर कधीच गेला, पण बॉडी अजून चांगली आहे. भंगारवाला दर दिवाळीच्या आधी विचारून जातो आणि आई दरवेळी नाही म्हणते. तर डोक्यात असं आलं की हिला इलेक्ट्रिक करून पुन्हा चालती करावी.

मी मेकॅनिकल डिप्लोमावाला, विजेचं ज्ञान बेताचंच. गेले तीन महिने जमेल तेव्हा वाचतोय. जे कळलंय ते आधी लिहितो म्हणजे माझ्यासारख्या नवीन लोकांनाही उपयोग होईल आणि जाणकारांना चुका दाखवता येतील.

इलेक्ट्रिक गाडीत मुख्य वस्तू मोजक्याच. बॅटरी, बॅटरीवर लक्ष ठेवणारा बीएमएस बोर्ड, कंट्रोलर, मोटर, चार्जर, आणि दिवे-हॉर्नसाठी मोठ्या व्होल्टेजचं १२ व्होल्ट करून देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर. आपण थ्रॉटल पिळतो तेव्हा फक्त एक छोटा सिग्नल कंट्रोलरला जातो, कंट्रोलर बॅटरीचा डीसी करंट तीन तारांमधून आळीपाळीने मोटरला देतो आणि त्यामुळे चुंबक फिरत राहतात. ब्रश नाहीत, गिअर नाही, क्लच नाही, ऑइल बदलणं नाही.

आता मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट. ६० व्होल्ट ३० अँपिअर-अवरची बॅटरी घेतली तर गुणाकार होतो १८०० वॉट-अवर, म्हणजे १.८ युनिट, आपल्या लाइट बिलावर असतं तेच युनिट. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण साडेनऊ युनिट ऊर्जा असते. म्हणजे ही अख्खी बॅटरी म्हणजे जेमतेम २०० मिली पेट्रोल! चहाचे दोन ग्लास. तेवढ्या पेट्रोलवर बाबांची गाडी गावात सात-आठ किलोमीटर गेली असती, पण तेवढ्याच विजेवर स्कूटर ५५-६० किलोमीटर जाते. कारण इंजिन तीन चतुर्थांशाहून जास्त ऊर्जा उष्णतेत घालवतं आणि मोटर-कंट्रोलर मिळून दहा-पंधरा टक्केच. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

आणि हे काही नवीन खूळ नाही. १८९९ मध्ये ताशी १०० किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडणारी मोटारगाडी विजेवर चालणारी होती. नंतर पेट्रोल स्वस्त झालं, १९१२ मध्ये कॅडिलॅकने बटणस्टार्ट आणला, हँडल मारायचा त्रास संपला आणि विजेच्या गाड्या मागे पडल्या. आपल्या पुण्यातच बघा, बजाजचा चेतक जानेवारी २०२० मध्ये इलेक्ट्रिक होऊन परत आला आणि २०२४ मध्ये लुनासुद्धा. मग कायनेटिक का नको?

माझे प्रश्न: बॅटरी घरी बनवावी की तयार घ्यावी? मोटर किती वॉटची? आणि आरटीओचं काय करायचं? खर्चाची तयारी साठ-सत्तर हजारांपर्यंत आहे.

पेठेतला
शनिवार, रात्री ११:१५

वाचतोय. विषय एकदम जवळचा, आमच्याकडे बजाज एम-८० उभी आहे. माझा एक बाळबोध प्रश्न, ५५-६० किमी हे कुठून काढलं? कंपन्या जाहिरातीत सांगतात तो आकडा आणि रस्त्यावर मिळणारा आकडा यात बराच फरक असतो असं ऐकलंय.

जुनी_कायनेटिक
शनिवार, रात्री ११:३१

@पेठेतला, गावात ताशी ४० च्या आसपास चालवली तर स्कूटरला किलोमीटरमागे २५ ते ३० वॉट-अवर लागतात. १८०० भागिले ३०, झाले ६०. पण बॅटरी पार शून्यापर्यंत रिकामी करायची नसते, म्हणून मी मनात ५० च धरतो. ताशी ६० ने हाणली तर हवेचा विरोध खूप वाढतो, मग आणखी कमी.

वाइंडिंगवाला
रविवार, सकाळी ७:०५

धागाकर्ते, तुमची तळमळ पोचली. भोसरी एमआयडीसीत मोटर वाइंडिंगचं काम करतो, २६ वर्षं झाली, त्यातली शेवटची सात-आठ वर्षं हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यातच बसणाऱ्या मोटरी, जास्त येतात. तुम्ही वाचलेलं बरोबर आहे पण एक गोष्ट कुठेच लिहिलेली दिसत नाही ती सांगतो.

स्कूटर आणि मोटरसायकल यात मोठा फरक आहे. मोटरसायकलला मागचं चाक धरणारा स्विंगआर्म वेगळा असतो. इंजिन काढून टाका, गाडी तशीच उभी राहते, मग इंजिनच्या जागी मोटर बसवून चेनने चाक फिरवा नाहीतर चाकातच हब मोटर टाका. कायनेटिकचं तसं नाही. तिचं इंजिन आणि बेल्टचा डबा हाच मागच्या चाकाचा हात आहे, शॉकअबही त्यालाच लागतो. इंजिन काढलं की मागचं चाकच गेलं! म्हणजे तुम्हाला नवीन स्विंगआर्म बनवावा लागणार, चेसीच्या मूळ बुशवर बसणारा, दोन्ही बाजूंनी एक्सल धरणारा. इथेच नव्वद टक्के लोक अडकतात. गल्लीतल्या वेल्डरकडून पाइप जोडून घेतात आणि सहा महिन्यांत वेल्डला तडा जातो. जिगवर, म्हणजे भाग सरळ धरून ठेवणाऱ्या साच्यावर, बांधून केलेलं काम पाहिजे, चाक एक डिग्री जरी वाकडं बसलं तरी गाडी एका बाजूला ओढते.

मोटरचं म्हणाल तर नुसते वॉट विचारू नका, फेरे विचारा. कायनेटिकला ३.५०-१० चा टायर, त्याचा घेर साधारण १.३६ मीटर. ताशी ५० ला चाक मिनिटाला सहाशे-सव्वासहाशे वेळा फिरतं. तुमच्या व्होल्टेजला मोटर बिनलोडची सातशे-आठशे फिरणारी पाहिजे. दुकानदार हजार-बाराशे आरपीएमची देतो, स्पीड जास्त म्हणून गिऱ्हाईक खूश, पण तीच मोटर चढावर दुप्पट करंट खाते आणि तापते.

चढाचा हिशोब करून बघा. गाडी, बॅटरी आणि तुम्ही मिळून १९० किलो धरा. दहा टक्के चढ, म्हणजे शंभर मीटरला दहा मीटर वर, ताशी २० ने चढायचं तर चाकाला जवळपास १२०० वॉट लागतात. मागे वहिनी बसल्या की १६०० च्या पुढे. म्हणून १५०० वॉट रेटिंगची मोटर आणि ४० अँपिअरचा कंट्रोलर घ्या. थोडा वेळ मोटर रेटिंगच्या वर जाते, त्याला हरकत नसते, पण लांब घाटात ती जास्तीची उष्णता बाहेर कुठे जाणार, हब मोटर सगळीकडून बंद असते. माझ्याकडे जळून येणाऱ्या मोटरींमध्ये घाट चढलेल्या जास्त असतात.

रोज_हिंजवडी
रविवार, सकाळी ९:४०

मी दोन वर्षं तयार कंपनीची इलेक्ट्रिक स्कूटर वापरतेय, कोथरूड ते हिंजवडी जाऊन-येऊन. अनुभव खूप चांगला. चांदणी चौकाच्या चढाला बॅटरीचे टक्के डोळ्यांदेखत उतरतात आणि परत येताना उतारावर थोडे परत मिळतात, थोडेच हं, सगळे नाही. गर्दीत गाडी उभी असताना काहीच खात नाही हा सगळ्यात मोठा फायदा, पेट्रोल गाडी वाकडला सिग्नलला नुसती धूर काढत उभी असायची.

पावसाचं मात्र नक्की बघा दादा. पुण्याच्या जुलैत कंट्रोलर कुठे ठेवणार?

सेलमोजणी
रविवार, दुपारी १२:२०

धागाकर्त्याचा पहिला प्रश्न माझ्या कामाचा आहे म्हणून सविस्तर लिहिते. चाकणला बॅटरी पॅकच्या टेस्टिंगमध्ये काम करते.

सरळ सांगते, पहिल्या प्रोजेक्टला बॅटरी घरी बनवू नका. बाकी सगळं स्वतः करा, बॅटरी तयार घ्या. तुम्हाला जमणार नाही म्हणून हे म्हणत नाहीये. बाकीच्या कुठल्याही भागात चूक झाली तर गाडी बंद पडते, बॅटरीत चूक झाली तर ती रात्री दोनला घरात पेटते. लिथियम सेल एकदा आतून तापायला लागला की स्वतःच स्वतःला तापवत जातो, शेजारच्या सेलला पेटवतो, आणि वाळू टाकून किंवा घरातल्या छोट्या फायर सिलिंडरने ते थांबत नाही, भरपूर पाणी मारून थंड करत राहावं लागतं. आमच्याच भागात एका इमारतीत जिन्याखाली चार्जिंगला लावलेला घरगुती पॅक पेटला होता. माणसं वाचली पण वर जाण्याचा रस्ता तोच एक होता, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आता सेलचे प्रकार. बाजारात मुख्य दोन, एनएमसी आणि एलएफपी. एनएमसी हलका, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. एलएफपी जड, सरासरी ३.२ व्होल्ट, पूर्ण भरला की ३.६५, पण तापमान जास्त सोसतो आणि दीड-दोन हजार वेळा चार्ज-डिस्चार्ज सहज काढतो. तुमच्या कायनेटिकला जागा आहे, तेव्हा वजनाची फार चिंता नको, एलएफपीच घ्या. वीस सेल एकापुढे एक जोडले की ६४ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ७३. म्हणून कंट्रोलर घेताना "६० व्होल्टचा" एवढंच बघू नका, आतले कपॅसिटर किमान १०० व्होल्टचे आहेत का हे विचारा.

दुकानदार "६० व्होल्ट ३० एएच" म्हणून लेबल लावून देतो. घेताना पूर्ण चार्ज करून लोडवर रिकामी करून मोजून दाखव म्हणा. जो मोजून द्यायला तयार नाही त्याच्याकडून घेऊ नका. एआयएस-१५६ या बॅटरी सुरक्षेच्या मानकाप्रमाणे टेस्ट झालेला पॅक असेल तर उत्तमच, त्यात पाणी, धक्का, आग पसरणं हे सगळं तपासलेलं असतं. जुन्या लॅपटॉपचे काढलेले सेल, "ग्रेड बी" सेल, यांच्या नादी लागू नका, प्रत्येक सेलची आतली झीज वेगळी असते आणि सगळ्यात कमजोर सेल अख्खा पॅक खाली खेचतो.

आणि बॅटरीपासून निघणाऱ्या तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ, डीसी रेटिंगचा फ्यूज. घरातली एमसीबी लावू नका. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती विझत नाही, एमसीबी आतून वितळून चिकटते आणि करंट चालूच राहतो.

पेठेतला
रविवार, दुपारी १:०२

ताई, फार मोलाचं लिहिलंत. हा प्रतिसाद प्रिंट काढून सोसायटीच्या बोर्डावर लावणार आहे, आमच्याकडे दोघं जण पॅसेजमध्ये दाराशी चार्जिंग करतात.

लेड अॅसिडचं काय? स्वस्त पडतात म्हणे.

सेलमोजणी
रविवार, दुपारी १:२५

@पेठेतला, स्वस्त दिसतात. १२ व्होल्टच्या पाच बॅटऱ्या म्हणजे जवळपास ५० किलो ओझं, मागे कायमचा एक माणूस बसवल्यासारखं. जोरात करंट ओढला की क्षमता अजून घटते, लेबलवर ३० एएच असलं तरी हातात वीस-बावीसच येतं. आणि रोज खोलवर रिकामी केली तर वर्ष-दीड वर्षात संपते. वयाने भागलं की लिथियमच स्वस्त.

सासवडचा_शेतकरी
रविवार, संध्याकाळी ६:५०

मी चार वर्षांपूर्वी जुनी मोपेड अशी केली, शेतात फिरायला, लेड अॅसिडवरच. ताई म्हणतात ते शब्दशः खरं आहे, चौदा महिन्यांत बॅटऱ्या बसल्या. मग एलएफपी टाकली, ती तिसरं वर्ष चालूय. डाळिंबाच्या बागेत औषधाचे डबे न्यायला, रात्री पाण्याची मोटर चालू करायला जायला, आवाज नाही धूर नाही. गाडी रस्त्यावर कधीच काढत नाही, बांधाच्या आत.

माझी चूक सांगतो म्हणजे तुमची वाचेल. हब मोटरचा एक्सल दोन बाजूंनी सपाट असतो आणि खाचेत बसतो. मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा एक्सल तेवढ्याच जोरात मागे फिरायला बघतो. मी नुसते नट आवळले, टॉर्क आर्म लावला नाही. आठव्या दिवशी एक्सल खाचेत फिरला, आतून येणाऱ्या सगळ्या तारा पिळून तुटल्या आणि चाक जागेवर लॉक झालं. शेतात होतो म्हणून मातीत पडलो, सोलापूर रोडला असतो तर काय झालं असतं. टॉर्क आर्म म्हणजे जाड पोलादी पट्टी, एका टोकाला एक्सलच्या मापाची खाच, दुसरं टोक फ्रेमला बोल्टने. लेझर कटिंगवाल्याकडे शे-दोनशे रुपयांत होते. ती लावल्याशिवाय चाक फिरवूसुद्धा नका.

पाषाणवासी
रविवार, रात्री ९:१०

सगळे मोटर-बॅटरीवर लिहितायत, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोणीच देत नाहीये. थोडं निराश करणारं आहे पण आधी कळलेलं बरं.

मोटर वाहन कायदा १९८८, कलम ५२. गाडीच्या आरसीवर कंपनीने दिलेली जी माहिती आहे तिच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे पक्कं केलंय. इलेक्ट्रिक किटसाठी वाट ठेवली आहे, पण ती अशी की किट बनवणाऱ्याने एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे त्या मॉडेलच्या गाडीवर बसवून चाचणी संस्थेकडून मंजुरी घ्यायची, अधिकृत केंद्राने ते बसवायचं आणि मग आरटीओ आरसीवर इंधन बदलून देणार. म्हणजे घरी सुटे भाग जोडून केलेली गाडी, कितीही सुबक केली तरी, आरसीवर चढत नाही. आरसीवर नाही म्हणजे विमा कंपनी हात वर करणार. उद्या कोणाला धक्का लागला तर भरपाई तुमच्या खिशातून.

वरून गाडी १९९६ ची. पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणी केली होती का, कर भरलाय का, हे आधी बघा. नसेल तर कुठलंही किट लावायच्या आधी तोच प्रश्न उभा राहतो.

जुनी_कायनेटिक
रविवार, रात्री १०:०५

@पाषाणवासी, धन्यवाद. खरं सांगतो, वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. पुनर्नोंदणी २०११ ला बाबांनी केली होती, पुढची राहिली. गाड्यांची चाचणी करणारी एआरएआय संस्था तर इथेच आहे, वेताळ टेकडीवर. गाडी घेऊन जाऊन एकाच गाडीची मंजुरी मिळत नाही का?

पाषाणवासी
रविवार, रात्री १०:२२

तिथे मंजुरी उत्पादकाच्या मॉडेलला मिळते. ब्रेक, वजनाची वाटणी, विद्युत सुरक्षा, पाण्यातली चाचणी, सगळं होतं, त्याचा खर्च एका गाडीमागे कोणाला झेपणार. मन मोडायचं नाहीये दादा, माझ्या वडिलांची गाडीही मी अजून विकली नाही. पण रस्त्यावर काढायची असेल तर दुसरीकडून सुरुवात करा.

मोटर वाहन न धरली जाणारी गाडी म्हणजे २५० वॉटच्या आतली आणि ताशी २५ च्या आतली. पॅडल असिस्ट सायकल त्यात येते, पायडल थांबलं की मोटर थांबली पाहिजे. नोंदणी नाही, लायसन्स नाही. त्या नियमातही चाचणी संस्थेची मान्यता असावी असं लिहिलंय, तेव्हा किट घेताना मान्यतेचा कागद मागून घ्या.

वाइंडिंगवाला
सोमवार, सकाळी ६:५५

पाषाणवासींशी सहमत. आधी सायकल करा. तीच मोटर, तोच कंट्रोलर, तोच फ्यूज, सगळं लहान. ३६ व्होल्टला चूक झाली तर शिकायला मिळतं. हात बसला की कायनेटिकचा स्विंगआर्म आपण माझ्या शेडमध्ये करू, जिग माझ्याकडे आहे, त्याचे पैसे घेणार नाही. गाडी सोसायटीच्या आवारात, गावाकडच्या शेतात चालेल. आईंना तरी फिरवाल.

जुनी_कायनेटिक
सोमवार, सकाळी ८:१२

काका, काय बोलू. आईला वाचून दाखवलं. ठरलं, आधी सायकल.

जुनी_कायनेटिक
अडीच महिन्यांनंतर, रविवार, दुपारी ४:३०

मंडळी, धागा वर काढतोय. सायकल झाली! कालपर्यंत २१० किलोमीटर झाले.

सायकल माझी जुनीच, २६ इंची, लोखंडी फ्रेमची. काकांनी फोनवर सांगितलं होतं की चाक धरणारा चिमटा अॅल्युमिनियमचा असेल तर एक्सलची खाच फाटू शकते, लोखंडी असेल तर निश्चिंत. किट मान्यतेच्या कागदासह घेतलं, मागच्या चाकाची २५० वॉट हब मोटर, कंट्रोलर, ब्रेक दाबला की मोटर तोडणारे लिव्हर आणि पायडलचा सेन्सर, नऊ हजार. बॅटरी ३६ व्होल्ट १० एएच, दुकानात बसून मोजून घेतली, ९.६ आली, चौदा हजार. लग, हीटश्रिंक, सिलिकॉन वायर तापकीर गल्लीत, आणि बॅटरीचं खोकं बांधायला पट्ट्या जुन्या बाजारात एका रविवारी. टॉर्क आर्म दोन्ही बाजूंना लावले, सासवडकर.

कुठे अडलो ते लिहितो. कंट्रोलरच्या तारांचे रंग आणि मोटरच्या तारांचे रंग जुळवून जोडले तरी मोटर नुसती घरघर करून गचके द्यायची. दोन दिवस गेले. मग कळलं की रंगावर जायचं नाही. मोटरला तीन जाड तारा आणि आत चुंबकाची जागा सांगणारे तीन हॉल सेन्सर. सेन्सरच्या तारा तशाच ठेवून तीन जाड तारांच्या सहा जोड्या होतात, एकेक करून बघायच्या, चाक हवेत ठेवून, मोटरला अगदी थोडा जोर देऊन. ज्या जोडीला चाक आवाज न करता फिरतं आणि करंट सगळ्यात कमी येतो ती बरोबर. माझी पाचवी निघाली.

दुसरं, बॅटरीचं कनेक्टर पहिल्यांदा लावलं तेव्हा फाडकन ठिणगी उडाली आणि पिनेचं टोक काळं पडलं. काही जळलं असं वाटून हातपाय गार पडले. सेलमोजणी ताईंना निरोप केला, त्यांनी समजावलं की कंट्रोलरमधले रिकामे कपॅसिटर एका क्षणात बॅटरीतून करंट खेचून घेतात. उपाय म्हणजे आधी १०० ओहम १० वॉटच्या रेझिस्टरमधून दोन सेकंद जोडायचं, कपॅसिटर हळू भरतात, मग मुख्य कनेक्टर. आता ठिणगी नाही.

पावसासाठी कंट्रोलर सीटखाली उभा, तारा खालून आत जातील असा लावलाय, आणि प्रत्येक तारेला आत शिरण्याआधी खाली झोळ दिलाय म्हणजे पाणी झोळातून गळून जातं. @रोज_हिंजवडी ताई, तुमच्यामुळे हे सुचलं. परवाच्या पावसात वारजे पुलापासून घरापर्यंत भिजत आलो, काही झालं नाही.

आकडे: पायडल मारत गेलो तर किलोमीटरला ८ वॉट-अवर, आळस केला तर ११-१२. एका चार्जला ३० किलोमीटर आरामात. चार्जरला मीटर लावून बघितलं, पूर्ण चार्जला ०.४२ युनिट. युनिट दहा रुपये धरलं तरी सव्वाचार रुपयांत तीस किलोमीटर. चांदणी चौकाचा चढ पायडल मारत ताशी १३-१४ ने जातो, उतरून हात लावून बघितलं तर मोटर कोमट होती.

रोज_हिंजवडी
रविवार, संध्याकाळी ५:१०

खूप खूप अभिनंदन! सायकलचं वजन किती झालं? बंद पडली तर ढकलता येते का?

जुनी_कायनेटिक
रविवार, संध्याकाळी ५:२८

@रोज_हिंजवडी, २४ किलो. या छोट्या मोटरच्या आतला गिअर एकाच दिशेला पकडतो, त्यामुळे बॅटरी संपली तरी साध्या सायकलसारखी चालते, फक्त जड लागते. एकदा मुद्दाम बॅटरी काढून डहाणूकरपर्यंत जाऊन आलो.

सेलमोजणी
रविवार, संध्याकाळी ७:४५

छान मोजमाप केलंय. एक करा, रोज शंभर टक्के भरून ठेवू नका. दुसऱ्या दिवशी लांब जायचं नसेल तर ऐंशीवर काढा, आणि महिनाभर वापरणार नसाल तर अर्धी भरून सावलीत ठेवा. एनएमसी सेल भरलेला आणि गरम असा पडून राहिला की लवकर म्हातारा होतो. पंधरा दिवसांतून एकदा मात्र पूर्ण भरा म्हणजे बीएमएसला सगळे सेल समान करायला वेळ मिळतो.

वाइंडिंगवाला
रविवार, रात्री ८:३०

शाब्बास. पाचव्या जोडीला सापडलं म्हणजे नेटाने केलंत.

आता कायनेटिकचं बोला. चेसीच्या बुशचं मधलं अंतर, शॉकअबच्या वरच्या बोल्टपासून एक्सलपर्यंतची उंची, आणि टायर मध्यावर बसतो तिथून दोन्ही बाजूंची मोकळी जागा, ही तीन मापं व्हर्नियर आणि गुण्या लावून घ्या. दोनदा घ्या. इंजिन काढण्याआधी गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी असताना फोटो काढा, चारही बाजूंनी.

जुनी_कायनेटिक
रविवार, रात्री ९:५०

काका, मापं आत्ताच घेऊन आलो, टॉर्च आईने धरला होता. झाकण काढलं तर डिकीत बाबांचा पाना आणि स्पार्क प्लगचं जुनं खोकं तसंच होतं. अंतर २४२ मिमी आलं, दोनदा घेतलं, दोन्ही वेळा तेवढंच. उंचीचं माप जुना शॉकअब दबून गेल्यामुळे खात्रीचं वाटत नाही, नवीन शॉकअब टाकून घेऊ का तसंच कळवू?

वाइंडिंगवाला
रविवार, रात्री १०:०४

नवीन टाकून घ्या, नाना पेठेत मिळतील. मग मोजा. येत्या शनिवारी गाडी टेम्पोत घालून शेडवर आणा, दुपारी दोननंतर मी मोकळा आहे. आणि आईंनाही घेऊन या.